सुपडूनानांच्या खिशातले दोन उडीद

सुपडूनाना इतके थकलेले दिसत, की जळगावच्या एसटी स्टँडवर एकदा एका भिकाऱ्याने उठून त्यांना आपली सावली दिली. "बसा आबा," म्हणाला आणि स्वतः उन्हात जाऊन उभा राहिला. नाना तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण इतक्या वेळा सांगितलाय, की त्या भिकाऱ्याच्या सदऱ्याचा रंगसुद्धा आता मला आठवतो.

माझं हे असंच. त्या काळात मी औषध कंपनीची काळी बॅग उचलून जळगाव, धुळे, भडगाव, यावल असा फिरत असे. बॅगेत एक टॉनिक होतं. ते पिऊन चोपड्याच्या एका म्हाताऱ्याला नवे दात आले, असं मी डॉक्टरांना सांगे. डॉक्टर हसत आणि दोन बाटल्या जास्त लिहीत. थापांवर माझं घर चालत होतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, इथेही इकडेतिकडे मीठमसाला पडेल, सवयीचा हात आहे. आकडे मात्र नानांनी मोजलेले आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही. त्यातले दोन चुकलेले आहेत. तेही नानांचेच. पण दुसऱ्याच्या मागे थोडासा मी.

नव्या पेठेमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, रक्त तपासायची एक लॅब होती. डॉक्टरसाहेब मालक, ते सही करत. मोजत नाना. मूळचे सोनगीरचे. जळगावात पंधरा वर्षं काढूनही अहिराणी सोडलेली नव्हती. साहेबांशीही तीच, कलेक्टर आला असता तर त्याच्याशीही तीच. मायक्रोस्कोपला उजवा डोळा लावून डावा मिटायची सवय अंगात इतकी मुरली होती, की रस्त्यातसुद्धा डावा डोळा अर्धा मिटलेलाच. भाजीबाजारात एका बाईने यावरून चप्पल काढली. नाना थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "माय, मी थकेल शे. डोया माराले ताकद लागस." त्या बाईने चप्पल पायात घातली आणि त्यांना पावशेर गिलकी फुकट दिली.

"कसं काय नाना?" विचारलं की उत्तर एकच. "चाली राहिनं." ते म्हणतानाही मध्ये एकदा श्वास घेत. आणि दुसरं एक वाक्य होतं, कुणी काही छातीठोक बोलायला लागला की त्याच्यासमोर ठेवायचं. "मोज, मंग बोल."

मोजायची त्यांची तऱ्हा मी उभ्या खानदेशात दुसरी पाहिली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा, शंभर पेशी बघायच्या आणि कुठली जात किती ते लिहायचं. त्यासाठी लॅबमध्ये पाच बटणांचं एक यंत्र होतं. ते बिघडलं आणि दुरुस्तीला मुंबईला गेलं. माझ्या अंदाजाने अजून तिथेच आहे. मग नानांनी टेबलावर पाच वाट्या मांडल्या. तूर, मूग, चवळी, मसूर, उडीद. डोळा मायक्रोस्कोपवर आणि हात वाट्यांत. जी जात दिसेल तिचा दाणा उचलून बशीत टाकायचा. शंभर दाणे झाले की बशी निवडायची. रंगात गुलाबी-लाल दिसणारी पेशी मसूर. काळ्या-निळ्या ठिपक्यांनी भरलेली ती उडीद. ही उडदाची जात शंभरात एखादी भेटली तर भेटली. म्हणून पुढे त्यांनी उडदाची वाटी काढूनच टाकली. दोन उडीद शर्टाच्या खिशात ठेवत. "दोन बी जास्ती शेत," म्हणत.

रावेरकडचा एक मोठा बागाईतदार एकदा आपल्या सालदाराला घेऊन आला होता. दोघांचं रक्त तपासलं. मालकाचं हिमोग्लोबिन नऊ, गड्याचं चौदा. मालकाचा चेहरा पडला. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "नाना, रिपोर्टात जरा इकडचं तिकडं होत नाही का?"

"व्हस ना," नाना म्हणाले. "दोन महिना तुमी याना घरनी भाकर खा. बठ्ठं इकडनं तिकडे व्हई जाई."

असा माणूस. एका दाण्याचा फरक पडू देत नसे. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

झालं असं, की त्या वर्षी एका शाळकरी मुलीच्या रिपोर्टात नानांच्या हातून एक शून्य जास्त पडलं. पांढऱ्या पेशी आठ हजार, लिहिल्या ऐंशी हजार. घरच्यांनी रडारड करत पोरीला मुंबईला नेलं. तिथे तिने तीन दिवस वडापाव खाल्ले आणि धडधाकट परत आली. साहेबांनी नानांना माझ्यादेखत झाडलं. आणि मी काय केलं? मला आयती गोष्ट मिळाली. भडगावला सांगितली तेव्हा पेशी आठ लाख होत्या. धुळ्यापर्यंत ऐंशी लाख झाल्या. यावलला पोचलो तेव्हा त्या पोरीच्या अंगात नुसतं दूधच वाहत होतं. दवाखान्या-दवाखान्यांत डॉक्टर हसले. एकाने तर साहेबांना फोन करून विचारलं, "तुमचे नाना शून्य किलोवर देतात का?"

त्यानंतर दहाबारा दिवसांनीच प्रभाकर मिस्त्री आला.

प्रभाकर मिस्त्री यावलचा. केळीच्या बागांतल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की भरून द्यायचा. पस्तिशीचा, मानेने बैलासारखा. पण महिनाभर अंगात कसकस होती, घाम फुटायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. नानांनी रक्त घेतलं. मोजायच्या काचेवर पेशींची अशी गर्दी, की चौकोनांच्या रेघा दिसेनात. त्यांना वाटलं, पातळ करण्यात चूक झाली. पुन्हा केलं, तीच गर्दी. मग त्यांनी लाल पेशी मोजायची पिपेट, ती बारीक काचनळी, घेतली. तिच्यात रक्त दहापट जास्त पातळ होतं, म्हणून येणारा आकडा दहाने गुणावा लागतो. मोजलं, गुणलं. एक लाख नव्वद हजार.

नाना त्या आकड्याकडे बघत बसले. मग त्यांनी आपल्याच हाताने शेवटचं शून्य खोडलं. एकोणीस हजार.

काचेवरचे उडीदही बोलत होते. खिशातले दोन संपले तरी तसल्या पेशी दिसतच होत्या, अकरा दिसल्या. नानांनी ठरवलं, आज रंगच बिघडलाय. वरच्या नऊ मसुरीत टाकल्या. मसूर वाढली म्हणजे पोटात जंत. साहेबांनी न बघता सही केली. यावलच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग हिवतापाच्या गोळ्या, मग सुया. सातपुड्याच्या पायथ्याला डाव्या बरगडीखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की हिवतापच समजतात, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आठ महिन्यांनी मिस्त्री पुन्हा जिना चढून आला तेव्हा मी बाकावर होतो. मान निम्मी झाली होती आणि पोट डावीकडून बेंबीपर्यंत फुगलं होतं. नानांनी मोजलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग जुन्या काचांची लाकडी पेटी काढली, त्यातली आठ महिन्यांपूर्वीची काच शोधली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. फार वेळ बघत राहिले. डावा डोळा त्या दिवशी पूर्ण मिटला होता.

मिस्त्री गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाताड्या, बठ्ठं मोजेल व्हतं रे. एक शून्य मी खोडं." बाताड्या हे माझं नाव, त्यांनीच ठेवलेलं. "माले त्याले सांगनं शे."

त्यांनी का खोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून निदान आलं. रक्ताचा कर्करोग, सावकाश चालणारा. गोळ्या दिल्या आणि दर पंधरा दिवसांनी पेशी मोजायला सांगितल्या. आकडा बघून गोळ्या कमी-जास्त करायच्या. मिस्त्री दर पंधरवड्याला सकाळच्या बसने यायचा. नाना दुसऱ्या कुणाला त्याच्या काचेला हात लावू देत नसत. टेबलावर उडदाची वाटी परत आली होती. तो यायच्या दिवशी मला म्हणत, "आज सांगसू." तो जाई आणि नाना वाट्या धूत बसत.

साहेबांकडे परदेशी मासिकं यायची, ती न उघडताच रद्दीत जायची. नाना ती काढून शब्दकोश घेऊन वाचत. एक पान तीन दिवस चाले. एकदा मिस्त्री बसलेला असताना त्यांनी मासिक माझ्यापुढे सरकवलं. "तू बीएस्सी शेस ना? हाई किनेज काय शे, सांग."

मी बीएस्सी दोन खेपेत झालो होतो, पण एवढं येत होतं. म्हटलं, "पेशीच्या आत प्रथिनं असतात, नाना. काही प्रथिनांचं काम म्हणजे दुसऱ्यांची बटणं दाबणं. पहिलं जाऊन फॉस्फेटचा एक तुकडा दुसऱ्याला चिकटवतं, की ते दुसरं कामाला लागतं. अशा बटण दाबणाऱ्याला किनेज म्हणतात. पेशीला 'वाढ' असा हुकूम किनेजकडून जातो. काम झालं की किनेज गप्प बसतो. पण या आजारात दोन गुणसूत्रं तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटतो. त्या सांध्यातून एक भलताच किनेज तयार होतो. तो गप्प बसतच नाही. वाढ, वाढ, वाढ."

नाना विचार करत होते. मिस्त्री मात्र एकदम सरसावून बसला. "म्हंजे स्टार्टरच्या हिरव्या बटनात काडी खोचली!"

"कसली काडी?"

"अरे भाऊ, व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर पडतो. मंग लोकं काय करतात, हिरवं बटन दाबून त्याच्यात काडी अडकवून देतात. मोटर बंदच होत नाही. ईहीर आटली तरी चालूच. मंग जळते अन् माह्याकडे येते." त्याने आपल्या पोटावर हात ठेवला. "म्हंजे माह्यात काडी खोचेल हाये. अन् ह्या गोळ्या?"

"ह्या गोळ्या म्हणजे शेतात भरलेलं पाणी बादलीने उपसणं," मी म्हटलं.

"हां. मोटर तं चालूच ना." तो नानांकडे बघून म्हणाला, "मंग नाना, ती काडी काढनारं औषध कोन्ही करून नाही ऱ्हायलं का?"

नाना माझ्याकडे बघत होते. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, टॉनिकचं सँपलसुद्धा नाही. त्या दिवशी त्या अर्ध्या डोळ्याने मागितलं.

मी सुरू झालो. म्हटलं, "करताहेत तर! आमच्या धंद्यात आतली बातमी आहे. त्या किनेजला एक खाच असते. तिच्यात इंधन बसतं, तेव्हा तो बटण दाबतो. परदेशात एक कंपनी बरोब्बर त्या खाचेच्या मापाची गोळी घडवतेय. गोळी जाऊन खाचेत बसली की इंधनाला जागाच नाही. बाकी कुठल्या पेशीला धक्का नाही." यातलं खाचेपर्यंतचं मासिकात होतं. पुढचं सगळं मी त्या बाकावर बसून बनवलं.

पाच वर्षं मी ती गोळी घडवली. दर खेपेला मिस्त्री विचारायचा, "कुठपावतर आली?" मी कधी सांगे, साडेतीनशे मापं करून पाहिली, अजून जरा सैल बसते. कधी सांगे, आता बसते पण पोटात विरघळत नाही. एकदा उंदीर बरे केले, एकदा माकड. मिस्त्री कारागिराच्या शंका काढायचा. "साचा कशाचा केला? खाच तं दिसतबी नशीन." माझी भंबेरी उडे. नाना मान खाली घालून तूर-मूग वेचत. काळ्या पडलेल्या त्वचेचा, खांदे उतरलेला मिस्त्री आणि त्याच्यासमोर नाना. दोघांत आजारी कोण, हे नव्या माणसाने ओळखून दाखवावं. त्या दिवसांत मलाही थकायला झालं. थाप नुसती मारायची असली तर सोपी असते. ही सांभाळायची होती.

आणि मग एका खेपेला नानांनी सांगितलं. उन्हाळा होता, पंखा बंद होता, लाइट गेलेली. नाना वाट्या बाजूला सारून म्हणाले, "मिस्त्री, तू पहिल्यांदा उना तव्हय तुना आकडा एक लाख नव्वद हजार व्हता. मी एक शून्य खोडं. आठ महिना मना हातथून गयात."

मी जिन्याकडे बघू लागलो.

मिस्त्री म्हणाला, "नाना, मले कवाचं समजेल हाये. दुसऱ्या खेपेले तुम्ही जुनी काच काढली, तवाच." त्याने गमछ्याने मान पुसली. "मीटरचा काटा एकदम टोकाले गेला, तं मी बी पयले मीटरलेच टपली मारतो. मोटर गेली हे मंग ध्यानात येतं. कोन्ही बी मिस्त्री असंच करीन."

नाना बाजूला सारलेल्या वाट्या परत ओळीत लावू लागले.

"अन् भाऊ," मिस्त्री माझ्याकडे वळला, "तुमची गोळीबी थापच हाये, ते बी माहीत हाये मले. पन सांगत जा. यावलपावतर रस्ता कटतो."

मी म्हटलं, "आता ती साखरेच्या पाकात घोळवताहेत, मिस्त्री. कडू लागते म्हणून."

तो इतका हसला, की पोट धरून खाली बसला.

पुढच्या वर्षी आजाराने चाल बदलली. सावकाश चालणारा तो पळायला लागला. बशीत आता वाटीतल्या कुठल्याच डाळीत न बसणाऱ्या पेशी येऊ लागल्या. कच्च्या, मोठ्या, नुसत्या कच्च्या. नानांनी त्यांच्यासाठी सहावी वाटी मांडली. तिच्यात काय ठेवलं ते मी पाहिलं नाही. पोळ्याच्या आधी मिस्त्री गेला. नाना यावलला जाऊन आले, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. "कसं काय नाना?" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तेच म्हणाले, "चाली राहिनं." वर्षाभरात नोकरी सोडून ते सोनगीरला निघून गेले.

नव्वदीचं दशक संपता संपता आमच्या कंपनीची मुंबईत बैठक होती. तिथे एकाने इंग्रजी पेपरचं कात्रण वाचायला दिलं. मी वाचलं आणि खुर्चीत बसून राहिलो. परदेशात एक गोळी तयार झाली होती. त्याच आजारावर. ती जाऊन त्या किनेजच्या खाचेत बसत होती, बरोब्बर मापाने. ज्यांना दिली त्यांच्या पेशी काही आठवड्यांत जाग्यावर आल्या होत्या. खाली लिहिलं होतं, यावर दहाएक वर्षं काम चाललं होतं. म्हणजे मी जळगावच्या बाकावर बसून माकडं बरी करत होतो तेव्हा कुणीतरी खरंच ती घडवत होतं. जन्मभरात मारलेल्या हजारो थापांतली एक खरी निघाली.

कात्रण घेऊन मी सोनगीरला गेलो. बस हायवेला उतरवते, मागे किल्ला, समोर ट्रकांची धूळ. नाना ओट्यावर सुपात उडीद घेऊन खडे निवडत होते. मायक्रोस्कोपचा उजवा डोळा मोतीबिंदूने पांढरा झाला होता. आता डावा उघडा.

"बाताड्या! आज काय नवी थाप लई उना?"

"थाप नाही, नाना. पेपरात आलंय."

"माले दिखत नही. वाची दाखाड."

मी वाचून दाखवलं. सगळं, मराठीत करून. सुपातला हात थांबला. ट्रक जात होते. नानांनी विचारलं, "मिस्त्रीले जाईसन किती वरीस व्हयनात?"

"तीन."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. मागे, मागे. तीन वर्षं आणि त्या खोडलेल्या शून्यात गेलेले आठ महिने यांचा हिशेब जुळत नव्हता, जुळणारही नव्हता, कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं. पण तो अंगठा डॉक्टरला विचारून फिरत नव्हता. आठव्या पेरावर तो थांबला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला.

"बाताड्या," ते म्हणाले, "खरं सांग. तुनी थाप शे ना हाई?"

छापलेला कागद माझ्या हातात होता. मी त्याची घडी घातली.

"थापच आहे नाना."

त्यांनी श्वास सोडला. अंगठा पेरावरून उतरला. "लबाड," म्हणाले आणि कितीतरी वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "पन हाई चांगली शे. मिस्त्रीले आवडती." मग सूप पुन्हा मांडीवर ओढून म्हणाले, "आनखी सांग."

मी सांगितलं. कात्रणातला शब्द न् शब्द, मात्र हातवारे करत, डोळे मोठे करत, जशा थापा मारतो तसा. बस येईपर्यंत सांगत होतो. नाना मध्येच "हां, हां, फेक" म्हणत होते.

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. नाना सुपात बोटं फिरवत होते. त्यांनी दोन दाणे उचलले, न बघता शर्टाच्या खिशात टाकले आणि पुन्हा निवडायला लागले.